सहावा कागद

वर्षाच्या मसाल्याचा दिवस सुंदराबाई ऊन पाहून ठरवीत. भिंतीवरच्या कॅलेंडरला त्यात मत नव्हते. यंदा तो जयंतीनंतरच्या पहिल्याच रविवारी आला. कर्वेनगरच्या त्या सोसायटीच्या गच्चीवरून निळ्या पताका अजून उतरल्या नव्हत्या, आणि त्यांच्या हलत्या सावलीत, तीन जुन्या लुगड्यांवर, मिरची पसरली होती. ब्याडगी सुरकुतलेली आणि गडद, संकेश्वरी लांब आणि सडपातळ, लवंगी मूठभरच, पण साऱ्या गच्चीला धाकात ठेवणारी. मंडईत बावीस वर्षे गाळा सांभाळलेल्या सुंदराबाई अजूनही मिरची कानाजवळ धरून मोडून पाहत. आवाज कोरडा आला तरच ती पिशवीत जाई.

नाकावर ओढणी बांधून दीपमाला देठे खुडत होती. देठ खुडताना मिरची फुटता कामा नये, आणि बी सांडता कामा नये. बोटांना एवढे काम असले की मन मोकळे राहते, असे लोक म्हणतात. तिचे मन मात्र खाली, चौथ्या मजल्यावर, कपाटाच्या कडीला अडकवलेल्या तिच्या पर्समध्ये होते. पर्समध्ये एक टंकलेले पत्र होते. ‘कौटुंबिक अडचणींमुळे मी ही पदोन्नती स्वीकारू शकत नाही.’ त्याखाली सहीची जागा कोरी होती. सोमवारी, म्हणजे उद्या, ते पत्र द्यायचे होते.

असे पत्र तिने यापूर्वी दोनदा दिले होते. एकदा प्रज्ञेशच्या दहावीच्या वर्षी, एकदा सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी. दोन्ही वेळा घरात कोणाला ते कळले नव्हते, कारण नाकारलेल्या गोष्टीचा आवाज होत नाही. या वेळची जागा साताऱ्याची होती: मुलींच्या शासकीय वसतिगृहाची अधीक्षक. चौदाव्या वर्षी दीपमाला स्वतः अशाच एका वसतिगृहात पत्र्याची पेटी घेऊन उतरली होती, आणि पहिल्या रात्री तिच्या कॉटजवळ कंदील घेऊन थांबलेल्या अधीक्षकबाईंचा चेहरा तिला अजून आठवत होता. त्या बाई काही बोलल्या नव्हत्या. नुसत्या थांबल्या होत्या.

“वहिनी, कुठे हरवलात?” आनंदीने तिच्या पुढ्यातले ताट ओढले. आनंदी ही तिची धाकटी नणंद, खडकीच्या एका दवाखान्यात परिचारिका. दरवर्षी मसाल्याला येई आणि बोलून बोलून अर्धे काम इतरांकडून करवून घेई. “बी सगळं लुगड्यावर सांडताय. आईने पाहिलं तर दोघींना मंडईत विकून येईल.”

“तुला कोण घेतंय,” सुंदराबाई मान वर न करता म्हणाल्या. “वजनातच भरशील नुसती.”

पलीकडे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, तात्याराव वाट्यांची रांग लावून बसले होते. छत्तीस वर्षे त्यांनी धावत्या रेल्वेच्या टपाल डब्यात उभे राहून पत्रांची वर्गवारी केली होती. आता एक्क्याऐंशीव्या वर्षी ते धणे, खसखस, तमालपत्र, दगडफूल, नागकेशर यांची करीत. मन अस्वस्थ झाले की घरातले खिळेसुद्धा लहानमोठे लावून ठेवीत. बाकीच्यांचीही आपापली तऱ्हा होती. सुंदराबाई बडबडत, आनंदी हसे, दीपमालाचा नवरा अभय मुकाट्याने कसले तरी स्क्रू घट्ट करी. आणि दीपमाला? तिची तऱ्हा कोणी पाहिली नव्हती. ती घरातले सगळे अर्ज भरी.

गॅसचे, बँकेचे, रेशनचे, पासपोर्टचे. लग्न होऊन ती आली तेव्हा तात्यारावांनी तिचे अक्षर पाहून म्हटले होते, ‘या पत्त्यावरचं पत्र कधी चुकणार नाही,’ आणि त्या दिवसापासून कोणताही छापील कागद उंबरठा ओलांडून आला की तो थेट तिच्यापुढे येई. याच रीतीने आजचा घोटाळा झाला होता.

आम्रपाली जिन्याच्या दारातून आली ती हातात फाइल धरून, चष्मा कपाळावर चढवून. धाकटी लेक, मानसशास्त्राच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. विषय: ताण आणि त्याच्याशी जुळवून घेण्याच्या कौटुंबिक पद्धती.

“आई, हे काय आहे?”

“काय?”

“मी मागच्या रविवारी सहा प्रश्नावल्या ठेवून गेले होते. वर ठळक छापलंय, नाव लिहू नये, प्रत्येकाने स्वतः भरावी. सहाच्या सहा एकाच अक्षरात आहेत. तुझ्या.”

दीपमालाच्या बोटांत एक मिरची फुटली.

“त्यात काय,” अभय म्हणाला. तो उलथी कढई मांडीवर घेऊन तिचा सैल कान आवळत होता. “अर्ज तीच भरते.”

“बाबा, हा अर्ज नाही. हा डेटा आहे. माझ्या मॅडम विचारतील, अख्खं कुटुंब एका हाताने लिहितं का?”

“सांग, हो म्हणून,” प्रज्ञेश म्हणाला. हिंजवडीत नोकरी करणारा हा थोरला मुलगा रविवारीही एका हाताने मिरची आणि दुसऱ्याने फोन सांभाळत होता. “जॉइंट फॅमिली, सिंगल साइन-ऑन. एकाच लॉगिनवर सगळे.”

दीपमालाने ओढणी नाकावर नीट केली. मागच्या रविवारची संध्याकाळ तिला दिसली. चहाचे कप, सहा कागद, जयंतीच्या तयारीला आलेली आनंदी, आणि एकामागून एक तिच्यापुढे येऊन बसलेली माणसे. ‘गेल्या महिन्यात किती वेळा झोप मधेच तुटली?’ तिने विचारायचे, आणि त्यांनी सांगायचे: ‘लिही शून्य.’ ‘किती वेळा विनाकारण चिडलात?’ सुंदराबाई म्हणाल्या होत्या, ‘विनाकारण? एकदाही नाही. कारण दर वेळी होतं.’ दहा प्रश्न, प्रत्येकाला चारपैकी गुण. पाच कागदांवर ती टिंबांसारखी शून्ये मांडत गेली. मग सगळे उठून गेले आणि सहावा कागद उरला, तिचा. सहा कागद एकाच अक्षरात असले की कोणताही कोणाचाच नसतो, असे तिला वाटले. आणि गर्दीत तोंड लपवून रडावे तसे तिने त्या एका कागदावर खरे लिहिले.

“आणि त्याहून मोठी गोष्ट,” आम्रपालीचा आवाज खाली आला. “पाच जणांचे शून्य आहेत. म्हणजे पाच जण खोटं बोलले, ते ठीक. पण एकाचे तेहतीस आहेत. चाळीसपैकी तेहतीस.”

“तेहतीस चांगले का वाईट?” सुंदराबाईंनी विचारले.

“वाईट, आजी. खूप.”

सगळ्यांच्या माना एकदमच दीपमालाकडे वळल्या.

“तू भरलेस,” अभय म्हणाला. “तुला माहीत असणार.”

“नावं लिहू नये असं छापलंय,” दीपमाला म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “लिहिणाऱ्यानेही सांगू नये, असा त्याचा अर्थ होतो.”

“बरोबर आहे,” तात्याराव टाकीच्या सावलीतून म्हणाले. “टपाल पोचवायचं. उघडायचं नाही.” आणि पुन्हा नागकेशर निवडू लागले.

त्यानंतरचा तासभर त्या गच्चीवर जे घडले, ते ओव्हाळांच्या घरात आधी कधी घडले नव्हते. माणसे एकमेकांशी चांगली वागू लागली.

आनंदीने आईच्या हातातून लवंगीचे ताट काढून घेतले. “तू बस. मी करते.”

“का? मला काय झालंय?”

“काही नाही. पाय दुखत असतील.”

“पाय सात वर्षं दुखतायत. आज दिसले तुला?” सुंदराबाई संशयाने म्हणाल्या, पण बसल्या. मग त्यांनीही लेकीकडे निरखून पाहिले, आणि हळूच आपल्या कमरेची सुपारीची पिशवी सोडून तिच्यापुढे केली. ही पिशवी त्या सहसा कोणापुढे करीत नसत. आनंदीच्या डोळ्यांत पाणी आले. मिरचीचे असावे.

अभय कढई खाली ठेवून मुलाजवळ सरकला. “कंपनीत काही त्रास आहे का रे?”

“नाही, बाबा. तुम्हाला?”

“मला कसला? वीज मंडळात त्रास लोकांना असतो.” त्याने मुलाच्या पुढ्यातली एक मिरची उचलून देठ खुडला. “नोकरी बदलावीशी वाटली तर बदल. मी काही म्हणणार नाही.”

प्रज्ञेशने फोन पहिल्यांदाच लुगड्यावर उपडा ठेवला. “बाबा, मी तेच तुम्हाला म्हणणार होतो. मुदतपूर्व रिटायर व्हायचं असेल तर व्हा. मी आहे.”

दोघे एकमेकांकडे बघत राहिले, अरुंद फाटकात समोरासमोर आलेली दोन वाहने एकमेकांना वाट देत अडकून पडावीत तसे.

दीपमाला चहा आणायला म्हणून उठली. चौथ्या मजल्यावर येऊन तिने पर्स उघडली, पत्र पाहिले, चार घड्या करून ब्लाउजमध्ये खोचले. का, ते तिला सांगता आले नसते. किटली घेऊन ती परत निघाली तेव्हा जिन्यात अभय उभा होता.

“दीपा, प्रज्ञेशच ना?”

“मी सांगणार नाही म्हटलं ना.”

“मान तरी हलव. बाप आहे मी त्याचा.” त्याच्या हाताला कढईची काजळी होती. “रात्री उठून फेऱ्या मारतो तो. मला ऐकू येतं. मी जागाच असतो.”

“तुम्ही का जागे असता?”

त्याने किटली घ्यायला हात पुढे केला, आणि काजळी पाहून मागे घेतला. त्याच्याही मनावर काही आहे, हे दीपमालाला ठाऊक होते. संध्याकाळी खाली स्कूटर बंद झाल्याचा आवाज येई, आणि दाराची बेल वाजे ती अकरा मिनिटांनी. ती अकरा मिनिटे तो पार्किंगमध्ये अंधारात नुसता बसून असे, आणि वर ती तोवर चहाचे आधण लावीत नसे. आत्ता सांगून टाकावे, असे तिला वाटले. ओठांपर्यंत आले. पण त्याच्या डोळ्यांत मुलाची एवढी काळजी होती की तीत आणखी एक नाव मावेल, असे तिला वाटले नाही.

“चहा गार होतोय,” ती म्हणाली.

वर आली तो गच्चीचे रूप पालटले होते. कोणी तरी सुरुवात केली होती, आणि सुरुवात झाली की थांबवणे या घराला कधी जमले नव्हते.

“खरं सांगू?” प्रज्ञेश म्हणत होता. “मी कंपनीच्या बसमधून एक स्टॉप आधी उतरतो. रोज. तिथे एक म्हशींचा गोठा उरलाय, दोन काचेच्या बिल्डिंगच्या मधे. दहा मिनिटं म्हशी बघतो, मग जातो.”

“म्हशी?” आनंदी हसत सुटली. “अरे, मी लिनन रूममध्ये जाते. चादरींच्या गठ्ठ्यात तोंड खुपसते. परवा आत आधीच एक डॉक्टर होते. आम्ही दोघांनी एकमेकांना गुड मॉर्निंग केलं आणि आपापली चादर घेतली.”

“मी कुकरला शिव्या घालते,” सुंदराबाई जाहीर करून मोकळ्या झाल्या. “तो शिट्टी मारून उत्तर देतो. तुमच्यापेक्षा बरा.”

अभय दाराशी थबकला होता. सगळे त्याच्याकडे पाहू लागले तेव्हा त्याने घसा खाकरला. “मी पार्किंगमध्ये बसतो. थोडा वेळ.”

“आम्हाला माहितीय,” प्रज्ञेश म्हणाला. “वॉचमनला वाटतं तुम्ही पेट्रोल चोरणाऱ्यावर पाळत ठेवता. सोसायटीने तुमच्या अभिनंदनाचा ठराव घ्यायचं चाललंय.”

त्यावर असे हसू उसळले की लवंगीची धूळ उडाली आणि सारे शिंकू लागले. हसता हसता शिंकत, शिंकता शिंकता एकमेकांच्या पाठी थोपटत. आम्रपाली वहीत झरझर लिहीत होती. किटली हातात धरून दीपमाला उभी राहिली. आपली माणसे आज किती सुंदर दिसतात, असे तिला वाटले. आणि त्याच वेळी, काचेपलीकडून एखादा उजळलेला दिवाणखाना पाहावा तसे, आपण त्या हसण्याच्या बाहेर आहोत, असेही.

“पण मग तेहतीस कोणाचे?” आम्रपालीने पेन थांबवले. “दादा, तुझे?”

“शप्पथ नाही. मी झोपेलाही शून्य सांगितलं होतं.”

“आत्या?”

“शून्य. आईचंही शून्य, आत्ताच तिच्याकडून वदवून घेतलं. तात्यांनी तर प्रश्न न ऐकताच शून्य सांगितलं.”

“माझंही,” अभय म्हणाला. “मग हे आलं कुठून?”

तात्यारावांनी दगडफुलाची वाटी रांगेत सरळ केली. ते उठले नाहीत, आवाजही चढवला नाही.

“आम्रपाली, कागद किती?”

“सहा, आजोबा.”

“आणि तुम्ही माणसं मोजलीत किती?”

“तुम्ही, आजी, बाबा, आत्या, दादा…” आम्रपालीचे पाचवे बोट मिटले आणि हात तसाच हवेत राहिला.

“धावत्या डब्यात एक नियम होता,” तात्याराव म्हणाले. “शेवटचं स्टेशन यायच्या आत आपल्या पायाखाली बघायचं. पत्र हरवत नाही कधी. वाटणाऱ्याच्याच पायाखाली असतं.”

किटलीच्या तोटीतून चहाची एक धार लुगड्यावर सांडत होती, आणि सुंदराबाई तिला बोलल्या नाहीत.

“आई, मीच तुला दिला होता तो फॉर्म,” आम्रपाली म्हणाली. “माझ्या हाताने. आणि तू भरला असशील, हे माझ्या डोक्यातच…”

दीपमाला खाली बसली. पत्र काढले. घामाने ते मऊ झाले होते. तिने ते अभयच्या हातात दिले, आणि त्याने वाचले. मग पुन्हा वाचले.

“सातारा,” तो म्हणाला. “उद्या द्यायचंय?”

“हो.”

“मला विचारलं नाहीस.”

“तुम्ही जा म्हणाला असता तर मला जावं लागलं असतं. नको म्हणाला असता तर राग आला असता. दोन्हींची भीती वाटली.” तिने कलंडलेली किटली सरळ ठेवली. “तिसऱ्या मजल्यावर थांबते मी, येताना. रोज. वर यायच्या आधी. तिथे मी कोणाचीच नसते.”

“तिसरा मजला,” अभय पुटपुटला. “आणि मी त्याच्या खाली, पार्किंगमध्ये.” त्याच्या चेहऱ्यावर एक दुखावलेपण आले, आणि हळूहळू, नाइलाजाने, हसूही आले. “एकाच जिन्यात आपण दोघं लपून बसतो. निदान एका मजल्यावर तरी बसलो असतो.”

“पण साताऱ्याचं काय?” आनंदी नाक पुसत म्हणाली. “वहिनी, तुम्हाला जायचंय की नाही, ते सांगा. एका शब्दात. दहा प्रश्न नकोत.”

हा प्रश्न दीपमालाला कोणी विचारलाच नव्हता. तिने स्वतःलाही नाही. पदोन्नतीचे पत्र आल्यापासून ती अडचणी मोजत होती. इच्छा मोजायला तिच्याकडे रकाना नव्हता. तिला पत्र्याची पेटी आठवली, कॉटजवळचा कंदील, न बोलता थांबलेला तो चेहरा. साताऱ्यात आता कोणती तरी चौदा वर्षांची मुलगी पेटी भरत असेल.

“जायचंय,” ती म्हणाली.

शब्द एवढाच होता. पण तो उच्चारताना छातीवरचे काही तरी असे सुटले की तिला स्वतःचा श्वास ऐकू आला.

“मग आम्ही काय उपाशी मरणार आहोत?” सुंदराबाई गरजल्या. “हा अभय डाळ शिजवेल. जळाली तर जळकी खाईल.”

“जळकी डाळ मी खातोच आहे, आई. लहानपणापासून.”

“ऐकलंस? जा बाई तू. याला डाळ मी शिकवते.”

“आणि घरातले फॉर्म?” प्रज्ञेशने विचारले.

“जो तो आपापला भरेल,” आम्रपाली म्हणाली. “सुरुवात माझ्या प्रश्नावलीपासून. आज. या गच्चीवर. आणि खरं लिहायचं.”

अभयने तिच्या फाइलमधून एक कोरा फूलस्केप कागद ओढला, प्रज्ञेशच्या लॅपटॉपची पिशवी मांडीवर घेऊन तिच्यावर ठेवला, आणि पेन उघडले. “सांग. होकाराचं पत्र मी लिहितो. तू नुसती सही कर.”

“तुमचं अक्षर…”

“वाईट आहे. साहेबांना कष्ट पडू देत थोडे. पूर्ण नाव सांगा, बाई.”

“दीपमाला अभय ओव्हाळ,” ती म्हणाली, आणि तिला हसू आले. आयुष्यात प्रथमच दुसरे कोणी तिचा अर्ज भरत होते, आणि ती समोर हात रिकामे ठेवून बसली होती.

त्याचा अंगठा कागदावर टेकला तिथे काजळी आणि मिरचीचा काळपट लाल ठसा उमटला. तिने तो पाहिला, त्यानेही. आवक-जावकचा कारकून विचारील, असे तिच्या मनात आले. विचारू दे.

जुने पत्र लुगड्यावर पडले होते. सुंदराबाईंनी ते उचलून उलटसुलट पाहिले. त्यांना छापील अक्षरे सावकाश वाचता येत, पण त्यांनी वाचायचा खटाटोप केला नाही.

“हा कागद लागतोय का?”

“नाही, आई.”

मंडईतल्या बावीस वर्षांच्या सवयीने त्यांची बोटे एका झटक्यात फिरली. कागदाचा शंकू झाला, टोक दुमडले गेले. तात्यारावांच्या रांगेतल्या वाट्यांतून त्यांनी दगडफूल, नागकेशर, थोडे तमालपत्र त्यात ओतले आणि वरून घडी घालून पुडी बांधली. “एकटीच्या आमटीला एवढं पुरे. मसाल्याची बरणी निराळी देईन. तिथला मसाला तुला चालायचा नाही.”

तात्यारावांनी हात पुढे केला. पुडी तळहातावर तोलली, जणू वजन करून तिकिटाचा अंदाज घेत होते. आणि वाट्यांच्या रांगेपासून दूर, उन्हाच्या कडेला, तिच्यासाठी एक जागा मोकळी केली.

“सातारा,” ते डब्यातल्या जुन्या आवाजात म्हणाले, आणि पुडी तिथे ठेवली.